मोटारीचा कासरा : नित्याची चाल आणि खेळाची चाल

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



आजच्या भाषणाचा विषय एका लहानशा बटणाचा आहे. आकारानें लहान परंतु इंजिनानें दांडग्या अशा ज्या मोटारी हल्लीं तरुणांस विशेष प्रिय झाल्या आहेत, त्यांच्या गिअरच्या दांड्याजवळ किंवा समोरच्या फळीवर हें बटण पुष्कळदां आढळतें. त्यावर 'स्पोर्ट' असा शब्द असतो. तें दाबलें नसतां मोटार 'नॉर्मल' अवस्थेंत, म्हणजे शांतपणें चालते. दाबलें कीं अंगांत वारें संचारल्यासारखी पुढें झेपावते. पहिलीस आपण नित्याची चाल म्हणूं व दुसरीस खेळाची चाल. या दोहोंत खरा फरक कोणता, कोणती चाल कोठें योग्य, आणि त्या बटणाच्या अंगीं कोणतें सामर्थ्य मुळींच नाहीं, एवढेंच आज सांगावयाचें आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरांत तरुण मुलगा आहे आणि दारांत नवी मोटार आहे, त्या घरच्या वडील माणसांस तो तसा वाटणार नाहीं.

प्रथम या जातीच्या मोटारींची ओळख करून घेऊं. जिचें पाठीमागील दार कांचेसकट वर उचललें जातें त्या आंखूड मोटारीस 'हॅचबॅक' म्हणतात. अशा साध्या, कुटुंबोपयोगी मोटारींत अधिक दमाचें इंजिन बसविलें म्हणजे तिला 'हॉट हॅचबॅक' ही पदवी मिळते. जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीनें १९७६ सालीं ११० अश्वशक्तीची 'गोल्फ जीटीआय' विक्रीस काढली, आणि तेव्हांपासून या जातीचा बोलबाला झाला. आपल्या महाराष्ट्रांतही तिचें बीज रुजलें. पुण्याजवळ चाकण येथें फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला; तेथें होणाऱ्या 'पोलो' मोटारीची १०५ अश्वशक्तीची 'जीटी टीएसआय' ही आवृत्ति २०१३ सालीं निघाली. रांजणगांवच्या फियाट कारखान्यांतून २०१५ सालीं १४५ अश्वशक्तीची 'अबार्थ पुंटो' बाहेर पडली. टाटांच्या 'अल्ट्रोझ' मोटारीची ११० अश्वशक्तीची 'आय-टर्बो' ही आवृत्ति २०२१ सालीं आली, आणि त्याच वर्षीं मद्रासकडे तयार होणारी ह्युंदाईची १२० अश्वशक्तीची 'आय-ट्वेंटी एन लाइन' निघाली. पोलो व पुंटो यांचें येथील उत्पादन आतां बंद झालें आहे. तथापि रस्त्यांवर त्या अद्याप धांवतांना दिसतात.

आतां बटणाकडे वळूं. त्याचें मर्म कळण्यास जुन्या मोटारीची रचना आठवावी लागते. कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी पुष्कळांनीं पाहिली असेल, कित्येकांनीं हांकलीही असेल. तशा मोटारींत पायाखालचें पेडल आणि इंजिनाच्या तोंडाशीं असलेली हवेची झडप यांचा संबंध प्रत्यक्ष असे. पेडल जेवढें दाबावें तेवढी झडप उघडे. पायानें आपण इंजिनांत पेट्रोल ओततों असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आपण हवेचें दार उघडीत असतों, आणि आंत आलेल्या हवेच्या मानानें पेट्रोल तीत मिसळलें जातें. पाय आणि झडप यांच्यामध्यें तिसरें कोणी नव्हतें. पाय बोले तैसें इंजिन चाले.

आजच्या मोटारींत मध्यें एक दुभाषी येऊन बसला आहे. पेडल किती दाबलें गेलें हें तेथें बसविलेला एक विद्युत्-मापक ओळखतो व तो आंकडा मोटारींतील संगणकास कळवितो. संगणक विचार करून एका चिमुकल्या विजेच्या मोटरला आज्ञा देतो, आणि ती मोटर झडप उघडते. पायाचें म्हणणें इंजिनास कोणत्या शब्दांत सांगावें हें आतां या दुभाष्याच्या हातीं आहे. स्पोर्टचें बटण दाबणें म्हणजे या दुभाष्यास, 'माझें म्हणणें जरा जोरांत सांग,' असें बजावणें होय.

हें अधिक स्पष्ट होण्यासाठीं शाळेंतील आलेखाचा कागद डोळ्यांपुढें आणावा. आडव्या रेषेवर पेडल किती दाबलें तें मांडावें, उभ्या रेषेवर झडप किती उघडली तें मांडावें. समजा, नित्याच्या चालींत पेडल चतुर्थांश दाबलें असतां झडप चतुर्थांशच उघडते, आणि खेळाच्या चालींत तेवढ्याच दाबानें ती निम्मी उघडते. हे आंकडे समजुतीपुरते आहेत. प्रत्येक कारखाना ते आपापल्या मतीनें ठरवितो. पण दोन्ही रेषा शून्यापासून निघतात आणि दोन्ही शेवटीं शंभरावरच येऊन मिळतात, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पेडल तळाशीं टेकविलें कीं दोन्ही चालींत झडप पूर्ण उघडी असते. त्या ठिकाणीं नित्याची चाल दुबळी नाहीं व खेळाची चाल बलवान् नाहीं.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. बटणानें इंजिनाची शक्ति वाढत नाहीं. असलेली शक्ति पायाच्या थोड्या हालचालीनें हातीं येते, एवढेंच. कांहीं मोटारींत कारखानदार नित्याच्या चालींत, विशेषतः खालच्या गिअरांत, इंजिनाचा जोर थोडा दाबून ठेवतात व खेळाच्या चालींत तो मोकळा करतात, हें खरें. परंतु तेथेंही नवी शक्ति निर्माण होत नाहीं. आपल्याकडे एकच बैलजोडी आठवडाभर नांगराला चालते व शंकरपटाच्या दिवशीं धांवपट्टीवर उधळते. बैलांच्या अंगचें बळ त्या एका दिवशीं वाढत नाहीं. हांकणाऱ्यानें कासरा ढिला सोडलेला असतो. हें बटण म्हणजे मोटारीचा कासरा आहे.

तर मग गाडी इतकी निराळी कां भासते? याचें उत्तर इंजिनाच्या स्वभावांत व गिअरांत आहे. वर सांगितलेल्या आपल्याकडील मोटारींचीं इंजिनें एक ते दीड लिटर एवढीं लहान आहेत. त्यांचें बळ टर्बोचार्जर नांवाच्या योजनेंतून येतें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एक लहानसें चक्र फिरवितो, त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनांत दाबून भरतें, आणि अधिक हवा म्हणजे अधिक ज्वलन. पोलो जीटीच्या इंजिनाचा पीळ १७५ न्यूटन-मीटर सांगितला जातो. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास सुमारें अठरा किलोचें ओझें टांगलें असतां दांड्याच्या मुळाशीं जेवढा पीळ पडतो, तेवढा हा पीळ होय. परंतु तो मिळण्यास इंजिनाचे फेरे मिनिटास सुमारें दीड हजारांवर असावे लागतात. त्याखालीं धूर थोडा, म्हणून चक्र मंद. तेव्हां पाय दाबल्यावरही मोटार क्षणभर विचारांत पडल्यासारखी वाटते आणि मग एकदम उसळते.

ज्या मोटारींत गिअर आपोआप पडतात, तेथें खेळाची चाल या क्षणावर उपाय करते. पोलो जीटीच्या पहिल्या आवृत्तींत सात गिअरांची, दोन क्लचांची स्वयंचलित पेटी होती व तिच्या दांड्यास 'डी' आणि 'एस' अशीं दोन ठाणीं होतीं. 'डी' मध्यें ती पेटी शक्य तितक्या लवकर वरचा गिअर घेई, इंजिन सावकाश फिरे आणि पेट्रोल वांचे. 'एस' मध्यें ती खालचा गिअर सोडीत नसे. फेरे चढते राहत आणि टर्बो जागा राही. आय-ट्वेंटी एन लाइनच्या स्वयंचलित आवृत्तींत इको, नॉर्मल व स्पोर्ट असे तीन पर्याय दिलेले असून त्यांचें तत्त्व हेंच आहे. उलटपक्षीं अल्ट्रोझ आय-टर्बोमध्यें 'सिटी' आणि 'स्पोर्ट' अशा दोन चाली होत्या, परंतु गिअर हातानें टाकावयाचे. तेथें बटण गिअरास शिवूं शकत नाहीं. तें काम चालकाचेंच. तो पांचव्या गिअरांत रेंगाळत असेल तर स्पोर्टचें बटण दाबून त्याला फारसा लाभ नाहीं. त्यापेक्षां एक गिअर खालीं उतरावा, हें अधिक गुणाचें.

कांहीं मोटारींत खेळाच्या चालीबरोबर सुकाणूचें चक्र जड होतें. सुकाणूस विजेच्या मोटरचें जें साह्य असतें तें किंचित् कमी केलें जातें. त्यामुळें हातास भरदारपणा वाटतो व मोटार रस्त्यास अधिक घट्ट धरून आहे असा भास होतो. तो भासच समजावा. रस्ता धरून ठेवण्याचें काम टायरांचें, आणि टायर बटणापूर्वीं होते तेच बटणानंतर असतात. कोठें इंजिनाचा आवाज घोगरा होतो, कोठें समोरची दिवेपट्टी तांबडी होते. यांपैकीं कशानेंही मोटार अधिक वेगवान् होत नाहीं. चालकाचें मन मात्र होतें, आणि त्याकडेच लक्ष ठेवावयास हवें.

पेट्रोलच्या खर्चाविषयीं घराघरांत वाद होतात, म्हणून तेंही सांगून टाकतों. स्वयंचलित गिअरांच्या मोटारींत खेळाची चाल निश्चित अधिक पेट्रोल पिते, कारण त्याच वेगास इंजिन अधिक फेरे घेत राहतें. हातानें गिअर टाकण्याच्या मोटारींत मात्र तोच वेग, तोच गिअर व तीच ओढ ठेवली, तर दोन्ही चालींत खर्च जवळजवळ सारखाच यावयास हवा; कारण इंजिनास हवा तेवढीच लागते, पाय कमी दाबावा लागतो इतकेंच. तरीही बटण दाबून हिंडणाऱ्याचें पेट्रोल लवकर संपतें. याचें कारण पेडल हलकें झालें कीं पाय उतावळा होतो. येथें पेट्रोल पिणारा इंजिन नसून स्वभाव आहे.

आतां कोणती चाल कोठें वापरावी, तें पाहूं. आमचें पिंपळगांव रेणुकाई हें भोकरदन तालुक्यांतील गांव हिरव्या मिरचीच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. हंगामांत मालमोटारी, ट्रॅक्टर, छोटे टेम्पो, दुचाक्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया आणि मध्येंच एखादी मोकळी म्हैस, असा सर्व संसार एकाच रस्त्यावर नांदतो. तेथें मोटार हातभर पुढें न्यावयाची, थांबवावयाची, पुन्हां हातभर न्यावयाची. अशा वेळीं पायास बारीक माप हवें. ज्या पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत तिनें रेघ जशी नेमकी मोजतां येते, तशी नित्याच्या चालींत पेडलाच्या लांब पल्ल्यामुळें मोटारीची हालचाल नेमकी मोजतां येते. खेळाच्या चालींत ती पट्टीच आंखूड होते. पाय गुंजभर चुकला तर मोटार हातभर चुकते. हीच गोष्ट दिल्लीदरवाजाच्या गर्दीस लागू, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यास लागू आणि मुंबईच्या दादरास लागू. गर्दींत नित्याची चाल ठेवणें यांत कांहीं भित्रेपणा नाहीं. तें कौशल्याचें काम आहे.

पावसाळ्यांत तर तीच एक चाल योग्य. आमच्या भागाची काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतांतून डांबरी सडकेवर येते व पहिल्या सरीबरोबर तिचा लोण्यासारखा थर होतो. या लहान मोटारींत इंजिनाचा सर्व जोर पुढच्या दोन चाकांतून रस्त्यावर जातो, आणि सुकाणू वळवितें तीही हींच चाकें. त्यांजवर जोर अवचित आला तर तीं जागच्या जागीं घसरतात व मोटार वळावयाचें सोडून सरळ जाऊं पाहते. जोर हळूहळू येऊं देणें हाच त्यावर उपाय असून नित्याची चाल तोच करते.

खेळाच्या चालीस तिचीं स्वतःचीं ठिकाणें आहेत, आणि तीं नाकारणें अन्यायाचें होईल. अजिंठा गांवाहून फर्दापुराकडे जो घाट उतरतो तो खालून वर चढतांना स्वयंचलित मोटार नित्याच्या चालींत पुष्कळदां गोंधळते. वरचा गिअर घेते, दम तुटतो, खालचा घेते, पुन्हां वरचा. खेळाच्या चालींत ती खालचा गिअर धरून एका लयींत चढते. तोच घाट कोरड्या दिवशीं उतरतांनाही हा गुण उपयोगीं पडतो. खालच्या गिअरांत इंजिन स्वतःच मोटारीस मागें ओढून धरतें व ब्रेक तापण्यापासून वांचतात.

दुसरें ठिकाण म्हणजे पुढील वाहनास ओलांडून जाणें. भोकरदन-जालना यांसारख्या रस्त्यांवर समोरून वाहन येत असतें. आपण ताशीं ८० किलोमीटरनें जात आहों व समोरचाही तितक्याच वेगानें येत आहे, असें धरलें तर दोघांमधील अंतर दर सेकंदास सुमारें ४४ मीटरांनीं घटतें. स्वयंचलित पेटीस खालचा गिअर शोधण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यांत ४४ मीटर रस्ता संपला. खेळाच्या चालींत गिअर आधींच तयार असतो, म्हणून तो सेकंद वांचतो. हा लाभ खरा आहे. परंतु तो घ्यावयाचा तर बटण ओलांडण्यापूर्वीं, आपल्या बाजूस असतांनाच दाबावें. समोरची मोटार दिसल्यावर घाईनें नव्हे. शिवाय वांचलेला सेकंद हा संकटासाठीं शिल्लक ठेवावयाचा असतो. 'आतां सेकंद वांचतो, तेव्हां थोड्या जागेंतही जातां येईल,' असें जो म्हणतो त्यानें ती शिल्लक आधींच खर्चून टाकली.

येथें मुख्य मुद्द्यावर येतों. जगांतील कोणतेंही असें बटण वेग लवकर आणून देतें. तो लवकर थांबवीत नाहीं. थोडें गणित करूं. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर व पुरा ब्रेक धरला, आणि चालकास धोका ओळखून पाय हलविण्यास एक सेकंद दिला, तर ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार सुमारें ३७ मीटरांत उभी राहते. वेग १०० असेल तर सुमारें ८३ मीटर लागतात. वेग दुपटीहूनही कमी वाढला, अंतर मात्र दुपटीहून अधिक झालें. कारण मोटारींत सांठलेली गतीची शक्ति वेगाच्या वर्गानें वाढते. ओल्या रस्त्यावर हीं अंतरें आणखी पुष्कळ वाढतात. हा निसर्गाचा नियम 'सिटी' आणि 'स्पोर्ट' हे शब्द वाचीत नाहीं.

जालन्याजवळूनच समृद्धि महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजीं पुरा झाला. सपाट भागांत तेथें मोटारींस ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे. अशा सरळ, रुंद मार्गावर खेळाच्या चालीचा मोह होतो. वस्तुतः तेथें तिचें काम सर्वांत कमी. एकसारख्या वेगानें तासन्‌तास जावयाचें असतां वरचा गिअर व शांत इंजिन हेंच हितावह. सरळ रस्ता चालकास गुंगी आणतो, आणि चढलेला वेग पांच-दहा मिनिटांत वेग म्हणून जाणवेनासा होतो. २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांपैकीं सुमारें ७१ टक्के मृत्यु अतिवेगाच्या सदरांत नोंदले गेले. हा सरकारी आंकडा आहे. त्यांतील प्रत्येक आंकड्यामागें एक घर आहे.

मुलगा नवी मोटार घरीं आणील तेव्हां, 'बटणास हात लावूं नकोस,' असें नुसतें सांगूं नये. वर्ज्य केलेल्या वस्तूचें आकर्षण वाढतें, हा शिक्षकांचा व आईबापांचा नित्याचा अनुभव आहे. त्यापेक्षां त्यास त्या बटणाचें खरें स्वरूप समजावून द्यावें. पहिले कांहीं महिने नित्याची चालच ठेवून मोटारीची लांबी-रुंदी, ब्रेकचा स्वभाव व टर्बो जागा होण्याचा क्षण त्याच्या पायास ओळखीचा होऊं द्यावा. मग एखाद्या सकाळीं, कोरड्या व मोकळ्या रस्त्यावर, मर्यादेंतील एकाच वेगानें दोन्ही चाली त्यास करून पाहूं द्याव्या. पेडल किती दाबतां मोटार किती उसळते हा फरक एकदां पायानें समजला कीं बटणाचें गूढ उरत नाहीं, आणि गूढ उरलें नाहीं म्हणजे त्याची मिरवणूक करावीशी वाटत नाहीं. मागें आजी बसली असेल, नातवंड झोपलें असेल, तर कोणती चाल हवी हें त्यास सांगावेंही लागणार नाहीं.

आणि ज्यास वेगाचीच हौस आहे त्यानें ती मैदानावर भागवावी. कोइमतूर व मद्रास येथें मोटारींच्या शर्यतींसाठीं बांधलेल्या धांवपट्ट्या आहेत. पोलो मोटारींच्याच शर्यतींची मालिका आपल्या देशांत २०१० सालीं सुरू झाली होती. तेथें सर्वजण एकाच दिशेनें धांवतात, डोक्यास शिरस्त्राण असतें, कडेला रुग्णवाहिका उभी असते आणि समोरून मिरचीचा टेम्पो येत नाहीं. खेळाची चाल हें नांव ज्यानें ठेवलें त्यानें तें योग्यच ठेवलें. खेळास मैदान, पंच व नियम लागतात. शंकरपटाची जोडीसुद्धां बाजाराच्या रस्त्यानें कोणी उधळीत नाहीं. पटापर्यंत ती कासरा आंवळूनच नेतात.

तात्पर्य, नित्याच्या चालींत मोटारीचें सर्व बळ आपल्या पायाखालीं असतेंच. तें मागण्यास पाय थोडा अधिक दाबावा लागतो, आणि तेवढ्या अवधींत मनुष्यास विचार करण्यास एक क्षण मिळतो. आपल्या रस्त्यांवर त्या एका क्षणाचें मोल फार आहे.